हब मोटर बंद पडली? एरर कोडचा अर्थ आणि दोष शोधण्याचा क्रम

आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याची विजेवर चालणारी सायकल गेल्या पावसाळ्यात एका सकाळी जागच्या जागी थरथरू लागली. हँडलवरील पडद्यावर २४ हा आकडा आला. गॅरेजमध्ये ‘मोटर गेली’ असा निकाल मिळाला आणि नव्या मोटरचा खर्च सांगण्यात आला. तो जुन्या सायकलीच्या किमतीच्या जवळपास निम्मा होता. दुसऱ्या एका कारागिराने चाकाजवळचा प्लग सरळ ओढून उघडला, तेव्हा आतली एक बारीक पिन गंजून हिरवी पडलेली आणि वाकलेली आढळली. पिन साफ करून सरळ केली, प्लग कोरडा करून पुन्हा बसवला आणि सायकल पूर्ववत चालू लागली.

पडद्यावरील आकडा बरोबर होता, त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला होता. त्या सायकलीत २४ म्हणजे मोटरमधील हॉल सेन्सरचा संकेत कंट्रोलरला नीट मिळत नाही, एवढेच. सेन्सर बिघडला, वायर तुटली, प्लग ओला झाला किंवा कंट्रोलरने सेन्सरला वीज देणे थांबवले, तरी आकडा तोच येतो. एरर कोड बिघाड कोणत्या मार्गावर आहे ते सांगतो. त्या मार्गावरील कोणती वस्तू बिघडली, हे तपासून आणि मोजूनच ठरवावे लागते. ही तपासणी कोणत्या क्रमाने करावी, याची माहिती या लेखात दिली आहे. चाकातच मोटर असलेल्या सायकली आणि कमी वेगाच्या स्कूटर डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे.

हब मोटरची रचना

चाकाच्या तुंब्यातच, म्हणजे हबमध्ये, मोटर बसवण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन यांना मागील चाकात मोटर असलेल्या सायकलीचे पेटंट १८९५ साली मिळाले होते. आजच्या हब मोटरमध्ये मात्र त्या काळातील घासणारे ब्रश नसतात. बाहेरच्या फिरत्या भागाला आतून चुंबके चिकटवलेली असतात आणि मधोमध, न फिरणाऱ्या गाभ्यावर, तांब्याच्या तारांची वेटोळी गुंडाळलेली असतात. ही वेटोळी तीन गटांत विभागलेली असतात. त्या प्रत्येक गटाला फेज म्हणतात. कंट्रोलर बॅटरीतील वीज या तीन गटांना आळीपाळीने देतो आणि चाक फिरते.

कोणत्या क्षणी कोणत्या फेजला वीज द्यायची, हे कळण्यासाठी चुंबक नेमके कोठे आहे ते कंट्रोलरला ठाऊक असावे लागते. ते काम हॉल सेन्सर करतात. एडविन हॉल या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १८७९ साली शोधलेल्या परिणामावरून त्यांना हे नाव मिळाले. मोटरमध्ये असे तीन सेन्सर असतात.

यावरून मोटरमधून बाहेर येणाऱ्या वायरींचा उलगडा होतो. तीन जाड वायर फेजच्या असतात. त्या बहुधा पिवळ्या, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या असतात. पाच बारीक वायर हॉल सेन्सरच्या असतात: लाल ही पुरवठ्याची, काळी परतीची आणि पिवळी, हिरवी, निळी या तीन संकेतांच्या. काही मोटरमध्ये वेग किंवा तापमान कळवणारी आणखी एक बारीक वायर असते. या सर्व वायर पोकळ अॅक्सलमधून बाहेर येतात आणि बरेचसे बिघाड याच अरुंद वाटेवर किंवा तिच्या पुढच्या प्लगमध्ये घडतात.

हब मोटरचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात मोटर आणि चाक एकच असते. त्याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. स्कूटरमध्ये बहुधा हाच प्रकार असतो. दुसऱ्या प्रकारात आत लहान, वेगाने फिरणारी मोटर असते आणि गिअरच्या साह्याने ती चाक फिरवते. हलक्या सायकलींत हा प्रकार अधिक आढळतो. गिअरच्या मोटरमध्ये एकाच दिशेने पकडणारा क्लच असल्यामुळे चाक हाताने पुढे फिरवले तर आतली मोटर फिरत नाही. ते मागे फिरवावे लागते. पुढील चाचण्यांत हा फरक महत्त्वाचा आहे.

हात लावण्यापूर्वीची काळजी

वाहन मधल्या स्टँडवर किंवा मजबूत आधारावर असे उभे करावे की मोटरचे चाक जमिनीपासून सुटे राहील. प्लग सोडवताना किंवा जोडताना स्विच बंद असावा आणि बॅटरी काढलेली असावी. बॅटरी काढल्यानंतरही कंट्रोलरमधील कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहते. स्विच काही सेकंद दाबून धरल्यास ती बहुतेक उतरते. प्लग सरळ रेषेत ओढावा. पिळून काढण्याचा प्रयत्न केल्यास पिना वाकतात. बसवताना दोन्ही बाजूंचे बाण किंवा खाचा जुळल्या आहेत याची खात्री करावी.

बॅटरीची पेटी उघडू नये. ती फुगली असेल, तिला जळका किंवा गोडसर वास येत असेल किंवा हात टेकवेनासा इतकी ती तापत असेल, तर पुढची कोणतीही चाचणी न करता ती घराबाहेर मोकळ्या जागी ठेवावी, चार्जिंगला लावू नये आणि विक्रेत्याला कळवावे.

अवजार काढण्यापूर्वी

मोटर अजिबात प्रतिसाद देत नसेल, तर प्रथम विनाखर्चाची तपासणी करावी.

१. स्कूटरच्या पडद्यावर ‘पी’ हे अक्षर दिसत असल्यास ती पार्किंग अवस्थेत आहे. पार्किंगचे बटण दाबल्याशिवाय मोटर फिरणार नाही. साइड स्टँड खाली असला तरी काही स्कूटर चालत नाहीत. स्टँडचा सेन्सर चिखलाने भरल्यास स्टँड वर घेऊनही वाहनाला तो खालीच आहे असे वाटते.

२. ब्रेकच्या दांड्यात मोटर बंद करणारा स्विच असतो. दांडा पूर्ण परत येत नसेल, तर ब्रेक लागला नसतानाही मोटर बंद राहते. मागचा लाल दिवा सतत लागलेला दिसणे ही त्याची सोपी खूण आहे.

३. वाहन सुरू करताना थ्रॉटलची मूठ, म्हणजे आपण ज्याला अॅक्सिलरेटर म्हणतो ती, पिळलेली असल्यास कंट्रोलर सुरक्षिततेसाठी मोटर चालू करत नाही. मूठ सोडून स्विच बंद करावा आणि पुन्हा सुरू करावा.

४. बॅटरी तिच्या खोबणीत घट्ट बसली आहे का, तिच्या तोंडाशी काळे डाग किंवा वितळल्याच्या खुणा आहेत का, ते पाहावे.

५. मोटरजवळचा प्लग उघडून पाणी, हिरवा गंज, वाकलेली पिन किंवा काळवंडलेले प्लास्टिक शोधावे. जाड वायरींचे जोड वितळलेले दिसल्यास ते सैल होते, असे समजावे. असा जोड पुन्हा दाबून बसवणे पुरेसे नाही; तो बदलावा लागतो.

एरर कोड कसे वाचावेत

सर्व कंपन्यांना समान असे एरर कोड अस्तित्वात नाहीत. एकच आकडा दोन वाहनांत दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतो. त्यामुळे आपल्या वाहनाच्या माहितीपुस्तिकेतील तक्ता हाच पहिला आधार मानावा. सायकलींत वारंवार आढळणाऱ्या तीन पद्धती पुढीलप्रमाणे आहेत.

चिनी बनावटीच्या अनेक साध्या पडद्यांवर २१ म्हणजे विद्युतप्रवाहातील दोष, २२ म्हणजे थ्रॉटल, २३ म्हणजे मोटरची फेज, २४ म्हणजे हॉल सेन्सर, २५ म्हणजे ब्रेकचा स्विच आणि ३० म्हणजे पडदा व कंट्रोलर यांच्यातील संपर्क तुटणे.

बाफांग कंपनीच्या मोटरमध्ये ०५ म्हणजे थ्रॉटल, ०६ म्हणजे बॅटरीचा दाब कमी, ०७ म्हणजे दाब जास्त, ०८ म्हणजे हॉल सेन्सर, ०९ म्हणजे फेजच्या वायर, १० म्हणजे मोटर तापणे, १२ म्हणजे कंट्रोलरमधील प्रवाह मोजणारा भाग, २१ म्हणजे वेगाचा सेन्सर, २५ म्हणजे पायडलवरील जोर मोजणाऱ्या सेन्सरचा संकेत आणि ३० म्हणजे संपर्क तुटणे.

केटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंट्रोलरच्या पडद्यावर ०१ म्हणजे थ्रॉटल, ०३ म्हणजे हॉल सेन्सर आणि ०६ म्हणजे मोटर किंवा कंट्रोलरमध्ये शॉर्ट सर्किट.

या तीन याद्या शेजारी ठेवल्या की घोटाळा कोठे होतो ते कळते. ०६ हा आकडा एका वाहनात केवळ बॅटरी उतरल्याचे सांगतो, तर दुसऱ्यात शॉर्ट सर्किटचा इशारा देतो. २१ पाहून एक कारागीर कंट्रोलर बदलायला निघेल, पण त्याच आकड्याचा अर्थ दुसऱ्या वाहनात वेगाचा सेन्सर असा असेल. २५ आल्यावर एका सायकलीत ब्रेकचा दांडा पाहायचा असतो, दुसऱ्या सायकलीत पायडलकडे वळायचे असते.

कमी वेगाच्या स्कूटरमध्ये अनेकदा आकडा येतच नाही. मोटर, थ्रॉटल, कंट्रोलर किंवा ब्रेक यांचे छोटे चित्र पडद्यावर उजळते किंवा एखादा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. किती वेळा लुकलुकून तो थांबतो हे मोजून लिहून ठेवावे. आकडा असो वा चित्र, त्याचे छायाचित्र घ्यावे, कारण स्विच बंद करताच तो पुसला जाऊ शकतो.

३० हा संपर्काचा कोड आल्यास हँडलपासून सुरुवात करावी. हँडल वळताना जेथे वायर दर वेळी वाकते त्या ठिकाणी ती आतून तुटण्याचा संभव असतो. हँडल एका बाजूला वळवल्यावर कोड येत असेल आणि सरळ केल्यावर जात असेल, तर दोष तेथेच आहे.

चाक फिरवून करायची चाचणी

फेज किंवा शॉर्ट सर्किटचा कोड असेल, अथवा चाक ढकलताना ते अडखळत असेल, तर पुढील चाचणी सर्वांत उपयुक्त ठरते. तिला कोणतेही उपकरण लागत नाही.

बॅटरी काढून चाक हाताने फिरवावे. गिअरची मोटर असल्यास मागे फिरवावे. ते धक्के देत, जड फिरते का ते पाहावे. नंतर मोटरचा प्लग किंवा तीन जाड वायर कंट्रोलरपासून सोडवाव्यात, त्यांची टोके एकमेकांना लागू देऊ नयेत आणि चाक पुन्हा फिरवावे.

जोडलेले असताना जड आणि सोडवल्यावर हलके फिरत असेल, तर मोटर ठीक असून कंट्रोलरमधील मॉस्फेट हा वीज चालू-बंद करणारा घटक शॉर्ट झाला आहे. सोडवल्यानंतरही तितकेच जड फिरत असेल, तर शॉर्ट मोटरच्या आत किंवा अॅक्सलमधून येणाऱ्या वायरीत आहे. दोन्ही वेळा हलके फिरत असेल, तर शॉर्ट नाही; एखादी फेज तुटलेली असू शकते.

तुटलेली फेज शोधण्यासाठी सोडवलेल्या तीन वायरींपैकी दोन एकमेकींना टेकवून चाक फिरवावे. ते लगेच जड व्हायला हवे. अशा तीन जोड्या होतात आणि तिन्ही वेळा जडपणा सारखाच जाणवला पाहिजे. एखाद्या जोडीला चाक हलकेच राहिले, तर त्या जोडीतील एक वायर वाटेत तुटली आहे. मल्टिमीटरने फेजचा रोध मोजून हा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावा. तो रोध एका ओहमपेक्षाही पुष्कळ कमी असतो आणि साध्या मीटरला तो शॉर्टपासून वेगळा ओळखता येत नाही. मीटरचा उपयोग एवढाच करावा की, कोणतीही फेज वायर आणि अॅक्सल यांच्यामध्ये जोडणी दाखवली जाता कामा नये. ती दाखवली गेली, तर वेटोळ्यांचे किंवा वायरीचे आवरण जळले अथवा खरवडले आहे.

कंट्रोलरबद्दलचा संशय मीटरने पक्का करता येतो. बॅटरी आणि मोटर दोन्ही सोडवून, साठलेली वीज उतरवून, मीटर डायोडच्या खुणेवर ठेवावा. कंट्रोलरची प्रत्येक फेज वायर आणि बॅटरीची लाल वायर, तसेच प्रत्येक फेज वायर आणि काळी वायर, अशा सहा जोड्या तपासाव्यात. मीटरच्या सळया ज्या दिशेने पहिल्या जोडीला लावल्या, त्याच दिशेने लाल वायरच्या तिन्ही जोड्यांना लावाव्यात. काळ्या वायरच्या तीन जोड्यांनाही हाच नियम पाळावा. तिन्ही फेजचे माप सारखे यायला हवे. एखाद्या जोडीला मीटर वाजला किंवा माप शून्याजवळ आले, तर कंट्रोलर निकामी आहे.

याच चाचणीचा रस्त्यावरही उपयोग होतो. वाहन बंद पडून चाक जाम झाल्यासारखे वाटले, तर फेजच्या वायर सोडवून प्रत्येक टोकाला वेगळी चिकटपट्टी गुंडाळावी. दोष कंट्रोलरमध्ये असल्यास चाक मोकळे होते आणि वाहन ढकलत नेता येते.

हॉल सेन्सरची मापे

मोटर सुरू होताना थरथरते, गुरगुरते, पण फिरत नाही. हाताने धक्का दिल्यावर मात्र चालू लागते. ही हॉल सेन्सरच्या दोषाची ओळखीची लक्षणे आहेत. काही कंट्रोलर सेन्सरशिवायही मोटर चालवू शकतात. अशा वाहनात चाल सुरू झाली की दोष जाणवत नाही, केवळ सुरुवात अडखळते.

या चाचणीसाठी मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा. बॅटरी जोडलेली, स्विच चालू आणि हॉलचा प्लग कंट्रोलरला जोडलेला असावा. फेजचे जोड वेगळे असतील, तर ते सोडवून ठेवावेत म्हणजे चाक अचानक फिरणार नाही. ते वेगळे नसतील, तर थ्रॉटल आणि पायडल यांना स्पर्श करू नये. मीटरची काळी सळई प्लगमागून हॉलच्या काळ्या वायरीला आणि लाल सळई लाल वायरीला टेकवावी. सुमारे ५ व्होल्ट दाब यायला हवा. साडेचारच्या आसपास आला तरी चालतो.

त्यानंतर लाल सळई पिवळ्या, हिरव्या आणि निळ्या वायरीला क्रमाने लावावी आणि चाक अगदी सावकाश फिरवावे. प्रत्येक वायरीवर माप शून्याजवळ आणि ५ जवळ असे आलटून पालटून बदलले पाहिजे. जी वायर एकाच मापावर अडकून राहते, तिचा सेन्सर किंवा तीच वायर बिघडली आहे.

येथे एक चूक वारंवार होते. प्लग सोडवून मोटरच्या बाजूने माप घेतले, तर चांगला सेन्सरही निकामी भासतो, कारण सेन्सर स्वतः वीज तयार करत नाही. दाब कंट्रोलर पुरवतो. सर्व वायर एकाच बंद गोल प्लगमधून जात असतील, तर तो जोडलेला असताना सळई आत पोहोचत नाही. अशा वेळी माप कंट्रोलरच्या पेटीतील टोकाशी घ्यावे लागते.

लाल वायरीवर ५ व्होल्ट येतच नसतील, तर लगेच कंट्रोलरला दोष देऊ नये. हाच पुरवठा बहुधा थ्रॉटल आणि पायडलचा सेन्सर यांनाही जातो. त्यांचे प्लग एकेक करून सोडवावेत आणि दर वेळी माप पाहावे. ज्याचा प्लग सोडवताच दाब परत येतो, त्याने तो खाली ओढलेला असतो. शेवटी मोटरचा प्लग सोडवून कंट्रोलरच्या बाजूचे माप पाहावे. तेथेही काही नसेल, तरच कंट्रोलरला दोष द्यावा.

सेन्सर खरोखर गेला असेल, तरी मोटर बदलण्याची गरज नसते. मोटर उघडून नवा सेन्सर त्याच खाचेत, त्याच तोंडाने बसवून डाग देता येतो. एक बिघडला तरी तिन्ही बदलणे शहाणपणाचे असते, कारण सर्वांनी सारखीच उष्णता सोसलेली असते. हे काम मात्र जाणकारानेच करावे. डायरेक्ट ड्राइव्ह मोटरची चुंबके इतकी जोरदार असतात की झाकण परत बसवताना बोट मध्ये सापडले तर चिरडते.

थ्रॉटल आणि ब्रेक

थ्रॉटललाही तीन वायर असतात: लाल, काळी आणि संकेताची. मूठ सोडलेली असताना संकेताच्या वायरीवर साधारण ०.८ ते ०.९ व्होल्ट असतो आणि पूर्ण पिळल्यावर तो ३.६ ते ४.२ व्होल्टपर्यंत सलग चढतो. सोडलेल्या अवस्थेतील माप बरेच जास्त असेल, तर मुठीत पाणी शिरले आहे किंवा आतील चुंबक सरकले आहे. थ्रॉटल हा तुलनेने स्वस्त भाग असल्याने तो दुरुस्त करण्यापेक्षा बदलावा.

ब्रेकच्या स्विचचा संशय असल्यास त्याचे दोन्ही प्लग चाक वर उचललेले असतानाच सोडवावेत. मोटर फिरू लागली, तर दोष सापडला. ते प्लग सोडलेल्या अवस्थेत रस्त्यावर मात्र जाऊ नये, कारण ब्रेक दाबूनही मोटर ओढत राहण्याचा धोका असतो.

मोटरचा वाटणारा, पण बॅटरीचा दोष

चढावर वाहन बंद पडते, थांबल्यावर पुन्हा चालू होते आणि सपाटीवर ठीक चालते. ही तक्रार मोटरची म्हणून येते, पण दोष बहुधा बॅटरीत किंवा तिच्या जोडात असतो. पूर्ण चार्ज झालेल्या, ३६ व्होल्ट म्हणून विकल्या जाणाऱ्या लिथियम आयन बॅटरीचा दाब ४२ व्होल्ट आणि ४८ व्होल्टच्या १३ सेलच्या बॅटरीचा ५४.६ व्होल्ट असतो. १६ सेलच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीचा चार्जर ५८.४ व्होल्टपर्यंत जातो. बारा व्होल्टच्या चार लेड अॅसिड बॅटऱ्या असलेल्या स्कूटरमध्ये विसाव्यानंतर एकूण दाब सुमारे ५१ व्होल्ट असावा.

उभ्या वाहनात घेतलेले माप पुरेसे नाही. चढावर जोर पडताच दाब एकदम कोसळून थांबल्यावर परत वर येत असेल, तर एखादा सेलगट कमजोर आहे किंवा बॅटरीच्या तोंडाचा जोड जळला आहे. लेड अॅसिडमध्ये चारही बॅटऱ्या स्वतंत्र मोजल्यास कमजोर असलेली लगेच कळते. लिथियम बॅटरीतील संरक्षक सर्किट वगळून थेट जोडणी करून देण्याची तयारी कोणी दाखवली, तर ती कटाक्षाने नाकारावी. ते सर्किट आग टाळण्यासाठीच असते.

अॅक्सल, गिअर आणि बेअरिंग

मोटरच्या जोराची प्रतिक्रिया अॅक्सलवर येते. चाक पुढे ढकलताना अॅक्सल उलट फिरू पाहतो आणि त्याला नट व खाचेत बसणारे वॉशर धरून ठेवतात. नट सैल झाला, तर अॅक्सल फिरतो, बाहेर आलेल्या वायर पिळतो आणि कापून टाकतो. पंक्चर काढल्यानंतर मोटर बिघडण्याचे हे एक प्रमुख कारण आहे: चाक परत बसवताना वॉशर उलटा बसतो, वायर नटाखाली चेपली जाते किंवा नट पुरेसा आवळला जात नाही. त्यामुळे पंक्चरच्या दुकानातून निघण्यापूर्वी दोन्ही नट आणि वायरची वाट डोळ्यांनी तपासावी.

मोटरचा सुरसुर आवाज येतो पण चाक फिरत नाही, असे गिअरच्या मोटरमध्ये झाल्यास नायलॉनच्या गिअरचे दात झिजले आहेत किंवा क्लच घसरत आहे. येथे एरर कोड येत नाही, कारण विजेच्या दृष्टीने सर्व ठीक असते. हे भाग सुटे मिळाल्यास मोटर वाचते. वेगाबरोबर वाढणारी घरघर बेअरिंगची असते आणि बेअरिंग बदलणे हे नेहमीच्या यांत्रिक कामापैकीच आहे.

गोव्यातील पाऊस, खारे पाणी आणि चढ

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. हब मोटर पावसात चालण्यासाठीच बनवलेली असली, तरी साचलेल्या पाण्यात अॅक्सलपर्यंत बुडण्यासाठी नाही. तापलेली मोटर पाण्यात गेली की आतली हवा थंड होऊन आकसते आणि अॅक्सलच्या वायरींमधून पाणी आत ओढले जाते.

उपाय साधा आहे. अॅक्सलमधून निघालेली वायर आधी खाली झुकून मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी खालच्या वळणावरच गळून पडते. प्लगचे तोंड वरच्या दिशेने असू नये. वाहन धुताना जोरदार फवारा हबवर मारू नये.

दिवाडी किंवा चोडणला फेरीबोटीने ये-जा करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मांडवीत भरतीचे खारे पाणी आत येते आणि धक्क्याच्या उतारावर चाके त्यात भिजतात. खाऱ्या पाण्याने पिना गोड्या पाण्यापेक्षा फार लवकर गंजतात. घरी आल्यावर हब ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा प्लग उघडून पाहावा. गंज दिसल्यास विद्युत जोडांसाठी मिळणारा क्लीनर वापरावा. पाण्याने किंवा रॉकेलने धुऊ नये.

चढाचेही गणित आहे. पर्वरीच्या किंवा आल्तिनोच्या चढावर वेग खूप कमी झाला की हब मोटर जास्त वीज खाते आणि तिचा मोठा भाग उष्णतेत जातो. याच उष्णतेने सेन्सर, आवरणे आणि चुंबके यांचे आयुष्य घटते. सायकल असेल तर चढावर पायडल मारावे. स्कूटरवर दोघे बसून चढ चढताना मोटर तापल्याचा कोड आला, तर थांबून ती निवू द्यावी. कोड पुसून लगेच पुढे जाऊ नये.

गॅरेजमध्ये जाताना

चार गोष्टी लिहून न्याव्यात: कोडचे छायाचित्र, तो कधी आला (पावसात, चढावर, पंक्चरनंतर), चाक फिरवण्याच्या चाचणीचा निकाल आणि घेतलेली मापे. ‘मोटर बदलावी लागेल’ असे सांगितले गेल्यास तीन साधे प्रश्न विचारावेत. हॉलच्या लाल वायरीवर किती व्होल्ट आले? तिन्ही संकेत बदलतात का? फेज सोडवल्यावर चाक हलके फिरते का? ज्याने तपासणी केली आहे, तो उत्तर लगेच देईल. उत्तर नसेल, तर निदान अजून झालेले नाही. जुना भाग बदलल्यास तो परत मागावा आणि पावतीवर भागाचे नाव लिहून घ्यावे.

वॉरंटी शिल्लक असेल, तर मोटर किंवा बॅटरी खासगी दुकानात उघडू नये. तेवढ्या कारणावरून दावा फेटाळला जाऊ शकतो. विक्रेता दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

कंट्रोलर बदलताना अधिक ताकदीचा बसवून देण्याची सूचना कधी कधी केली जाते. तिच्यात दोन तोटे आहेत. जास्त प्रवाहाने मोटर तापून लवकर निकामी होते. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॉटपेक्षा कमी शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग, तसेच वजनासह इतर अटी पाळणाऱ्या वाहनालाच नोंदणी आणि परवान्यातून सूट मिळते. ही मर्यादा ओलांडली की ते वाहन कायद्याने मोटार वाहन ठरते आणि अपघात झाल्यास त्याची किंमत चालकाला मोजावी लागते. नवा कंट्रोलर घेताना जुन्याच्या पट्टीवरील व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे जुळवून घ्यावेत. दोन उत्पादकांच्या वायरींचे रंग सारखे असले तरी क्रम सारखा असेलच असे नाही; म्हणून पहिली चाचणी चाक वर उचलूनच घ्यावी.

तपासणीचा क्रम थोडक्यात असा: आधी स्टँड, ब्रेक आणि मूठ, मग प्लग आणि अॅक्सलजवळची वायर, त्यानंतर चाक फिरवण्याची चाचणी, मग ५ व्होल्टचे माप आणि तीन संकेत, शेवटी कंट्रोलर. मोटर उघडण्याची वेळ या सर्वांनंतर येते.